राहून गेलेले

२७ मार्च, रांझी, जबलपूर

पोचलो बाई एकदाचे! अजिंक्यची जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात बदली झाली म्हटल्यावर सांगलीत सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं, जणू मला काळ्या पाण्यावरच धाडताहेत. इथे येऊन बघते तर रुंद रस्ते, जुनी झाडं, आणि त्यात घरमालकीण चक्क मराठी! बेबीताई नाव त्यांचं. माहेर अमरावतीकडचं, पण लग्न होऊन आल्या त्या इथल्याच झाल्या. ट्रकमधून सामान उतरतंय तोवरच जिन्यात येऊन म्हणाल्या की थकून आल्या असान, चाय ठेवून राहिली मी, चलो, अगोदर बसा. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

त्या आणि त्यांचे यजमान योगेशराव खाली राहतात, आम्ही वर. चिन्मयी अर्ध्या तासात त्यांच्या घरची होऊन गेली. योगेशरावांच्या मांडीवर बसून त्यांना सांगत होती की मी आता पहिलीत जाणार, मला वाचता येतं आणि माझा एक दात हलतो. नवीन गावात लेकीचं कसं होणार ही एकच धास्ती होती मला. ती पहिल्या दिवशीच गेली.

३० मार्च

घर लागलं. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. अजिंक्य म्हणतो की एक दिवस तू माझ्या कपाळावरही चिठ्ठी लावशील. लावीनच! मला पसारा सोसत नाही, त्याला मी काय करू?

माझं काम त्याच जातीचं आहे. इंटरनेटवरच्या आमच्या खुल्या मराठी कोशात कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं अशी सोय असल्यामुळे तिथे पसाऱ्याला तोटा नाही. मी लेख लिहीत नाही, मी रूपरेषा लावते. म्हणजे एखादा विषय घ्यायचा, मथळे पाडायचे, मथळ्याखाली पोटमथळे, आणि कोशातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी टांगायची. वाचणाऱ्याला एका पानावर सगळा विषय दिसला पाहिजे. पैसे मिळत नाहीत, पण रूपरेषा नीट लागली की मला जेवल्यासारखं वाटतं.

आज कळलं की योगेशरावही त्याच कोशात आहेत. ‘जबलपूरचे मराठी’ ही रूपरेषा त्यांनी बनवलीय. जगात माणसं भेटतात ती अशी!

४ एप्रिल

बेबीताईंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. रांझीतल्या पंधरा-वीस मराठी बायका जमल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, आणि सगळीकडे ‘करून राहिली’, ‘बोलून राहिली’! मी हसू दाबत होते. मुली तर निम्म्या हिंदीतच बोलतात, मराठी कळतं पण ओठावर येत नाही.

इथली एक रीत मजेची आहे. नवं मराठी कुटुंब आलं की योगेशराव सगळ्यांसमोर संगणक उघडतात आणि त्यांची नावं आपल्या रूपरेषेत घालतात. आज आमची घातली. अजिंक्य, विनता, चिन्मयी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. योगेशराव म्हणाले की आता तुम्ही बी इथं राहून राहिले. चिन्मयीने आपलं नाव पडद्यावर वाचलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण मनात म्हटलं, हा कोश आहे की लग्नातल्या आहेरांची यादी?

७ एप्रिल

शेवटी राहवलं नाही. दुपारी कूलर लावून बसले आणि योगेशरावांची ती रूपरेषा उघडली. अरे देवा! शंभर-सव्वाशे माणसं, आणि सगळी एकाच मथळ्याखाली कोंबलेली. मथळा काय, तर ‘राहून राहिलेले’! हे काय मराठी झालं?

लावून टाकली. रेल्वेतले रेल्वेत, शिक्षक शिक्षकांत, दुकानदार दुकानदारांत. अजिंक्यला संरक्षण कारखान्याखाली टांगलं, बेबीताईंना गृहिणींत, आणि स्वतःला ऐटीत ‘संपादक’ म्हणून. तीन तास गेले. दोघांना मात्र कुठेच जागा सापडेना. योगेशरावांनी जन्मभर शिकवण्या, दुकान, विमा असलं सगळंच थोडंथोडं केलंय, त्यांना कुठल्या एका मथळ्यात घालणार? आणि चिन्मयी तर पोर. यादीतली बाकीची पोरं केव्हाच मोठी होऊन कामाधंद्याला लागलेली. पोराला काय धंदा असतो?

अशा उरलेल्यांसाठी रूपरेषेच्या तळाशी एक मथळा ठेवायची आमची पद्धत आहे, जागा मिळेपर्यंत. तो इथे होताच, फक्त चुकीचा लिहिलेला. ‘राहून राहिलेले’ खोडून ‘राहून गेलेले’ असं शुद्ध करून टाकलं. खाली दोनच नावं. कपाट आवरल्यासारखं हलकं वाटलं.

८ एप्रिल

सकाळीच योगेशराव वर आले. चेहरा उतरलेला. काहून बदललं म्हणून विचारलं. मी शांतपणे समजावून सांगितलं की नियम असे असतात. ते ऐकेनात. म्हणाले, ताई, आमच्याकडे राहून राहिले म्हणजे राहताहेत, अजून आहेत, उद्या बी असतील. इथं सगळीकडून हिंदी, पोरं मराठी सोडून राहिली, म्हणून आम्ही ते एक पान धरून बसलो. तुम्ही तर आम्हांला राहून गेलेले करून टाकलं.

मला वाईट वाटलं. त्यांच्या बोलीत तो वर्तमानकाळ आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शुद्धलेखनाचा तोरा नडला माझा. परत बदलते म्हणून सांगितलं. ते गेल्यावर पान उघडलंही, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मग दूध उतू गेलं, मग चिन्मयीची शाळा सुटायची वेळ झाली. राहूनच गेलं. उद्या करीन.

१५ एप्रिल

गंमतच झाली. भर दुपारी योगेशराव वर आले आणि कसंनुसं हसत विचारलं की थोडं जेवायला मिळेल का. सकाळपासून बेबीताईंनी त्यांना ना चहा दिला ना ताट वाढलं! मी पोळी-भाजी वाढली, मग खाली जाऊन बेबीताईंना चांगलं झापलं. त्यांनी कपाळावर हात मारला, अगबाई, राहूनच गेलं! आम्ही दोघी हसलो. ते नाही हसले. कालही असंच झालं म्हणत होते.

चिन्मयीची शाळेची व्हॅन आज तिला न घेताच गेली. ती फाटकात उभी होती, गणवेश घालून. ड्रायव्हरला फोन केला तर म्हणतो, सॉरी दीदी, ध्यान ही नहीं रहा.

१९ एप्रिल

नर्मदेवर, ग्वारीघाटाला गेलो होतो. काय लिहू?

नाववाल्याने आम्हांला बघून ‘दो सवारी’ म्हटलं. मी म्हटलं तीन. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. परतताना अजिंक्य इथली खव्याची जिलबी आणायला गेला आणि दोनच पुडे घेऊन आला. चिन्मयीने विचारलं, बाबा, माझी? तर हा दचकून म्हणतो, अरे, राहूनच गेलं! पोटच्या पोरीची जिलबी राहून जाते?

घरी येताना ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली की शाळेत टीचर हजेरीला माझा नंबर बोलतच नाहीत. एका मुलीचा होतो, मग माझा यायला पाहिजे, तर एकदम पुढच्याचा. तिने दोनदा हात वर केला होता. मग नाही केला.

मला ते पान आठवलं. तळाचा मथळा. दोनच नावं.

वेडी आहे मी. उन्हात फिरल्याने असलं काही सुचतं. तरी उद्या सकाळी उठल्याउठल्या पहिलं काम तेच.

२१ एप्रिल

काल उठल्याउठल्या पहिलं काम राहून गेलं.

आज सगळं बाजूला ठेवून बसले. पान उघडलं, मथळा बदलला, ‘जतन करा’वर दाबणार तेवढ्यात वीज गेली. आली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पुन्हा बसले. चिन्मयीला त्या मथळ्याखालून काढून वर ‘लहान मुलं’ असा नवा मथळा केला, दाबणार तर फोन वाजला. आईचा. आईने सगळ्यांची विचारपूस केली. चिन्मयीची नाही केली.

अजिंक्यला ऑफिसात फोन करून सांगितलं की तू तिथून कर, दोन शब्दांचं काम आहे. संध्याकाळी विचारलं. केलं का? तो म्हणाला—

मला माहीत होतं तो काय म्हणणार ते.

कोशाच्या प्रचालकांना, म्हणजे देखरेख करणाऱ्यांना, लिहिलं. भले लोक आहेत, लगेच उत्तर आलं, आज नक्की करतो म्हणून.

२४ एप्रिल

प्रचालकांचं पत्र. ‘क्षमस्व, गडबडीत राहून गेलं. आज नक्की.’

२५ एप्रिल

भीती वाटते म्हणून ही रोजनिशी पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि पंधरा तारखेपाशी अडकले. योगेशराव! दहा दिवसांत मला एकदाही त्यांची आठवण झालेली नाही. खालून वर, वरून खाली मी रोज चारदा जाते. एकदाही विचार आला नाही की ते कुठे आहेत.

वही हातात धरून, त्यांचं नाव मोठ्याने म्हणत खाली गेले. बेबीताई मागच्या खोलीत झाडत होत्या. खाटेवर योगेशराव बसलेले होते. ओठ फुटलेले, गालफडं आत गेलेली. बेबीताईंचा झाडू त्यांच्या पायांना वळसा घालून जात होता. गाणं गुणगुणत होत्या त्या.

मी किंचाळले. बेबीताईंनी वर पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा फाटल्यासारखा झाला. मग त्या म्हणाल्या की चाय घेता का?

मी पाणी पाजलं. ते घटाघटा प्यायले. म्हणाले की मी हाका मारून राहिलो, ताई, कधीचा हाका मारून राहिलो. उठायला पाय नाही चालत. म्हणजे माणूस नाहीसा होत नाही. माणूस असतो. उपाशी असतो, हाका मारतो, आणि लोक त्याला वळसा घालून जातात!

मी म्हटलं मऊ भात आणते, हलू नका. धावत वर आले. कुकर लावलाय. हे लिहीपर्यंत दोन शिट्ट्या झाल्या. भात झाला की लगेच—

२८ एप्रिल

भात

भात न्यायचा राहिला. कुकर आत्ता उघडला, आंबलेला भात त्यात. तीन दिवस. मी तीन दिवस

खाली गेले. बेबीताई धूप जाळत होत्या. म्हणाल्या की वास येऊन राहिला कालपासून, उंदीर मेला असन कुठं. त्याच खोलीत बसून भाजी निवडत होत्या.

मी पाय पाहिले. खाटेवरून लोंबणारे. पुढे नाही बघवलं.

मी मारलं त्यांना. शुद्ध करून मारलं.

कुणाला तरी बोलवायला हवं. आत्ता फोन करते. आधी चिन्मयी. चिन्मयी कुठे आहे?

संध्याकाळ. होती. गॅलरीत होती, माझ्या शेजारीच. सकाळपासून हाका मारत होती म्हणे.

३० एप्रिल

आज मी दोन ताटं वाढली. मी. तिची आई. जेवून उठेपर्यंत ती समोर उभी होती आणि मला

देवा, माझं कर काय करायचं ते. तिचं नको.

हातावर पेनाने तिचं नाव लिहिलंय. फ्रिजवर कागद लावलाय, ‘तिसरं ताट वाढ’. ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला, एक माझ्या. आता जाते कुठे बघू.

अजिंक्यला सगळं वाचून दाखवलं. तो ढसाढसा रडला. तिला पोटाशी धरून बसला. मग कारखान्यातून फोन आला. बोलून झाल्यावर मला विचारतो, तू रडतेस कशाला?

२ मे

पान उघडलं. दाबणार तर दारात कुरिअर. पुन्हा उघडलं. नाकातून रक्त. पुन्हा उघडलं, आणि मग मी पोळ्या लाटत होते. मधलं काही आठवत नाही.

ती समोर आहे, पण नजर घसरते. नीट बघायला लागलं की भिंतच दिसते. ओढणीला हिसका बसला की कळतं.

४ मे

चिन्मयी इथे राहून राहिली आहे. चिन्मयी इथे राहून राहिली आहे. जेवून राहिली आहे. हसून राहिली आहे. योगेशराव, चुकले मी, तुमचंच बरोबर होतं. चिन्मयी राहून राहिली आहे. तिचा दात पडला आज. माझ्या तळहातावर ठेवला तिने. चिन्मयी राहून

७ मे

मनगटाला ओढणी बांधलेली सापडली. दुसऱ्या टोकाला काहीच दिसेना. कधी बांधली? गाठ कापून टाकली, सारखी ओढली जात होती.

फ्रिजवर कागद आहे. अक्षर माझंच. तिसरं ताट वाढ. कुणी येणार होतं का? वाढलं.

नंतर पाहिलं तर ताट चाटूनपुसून रिकामं.

९ मे

मागची पानं वाचली. एक मूल आहे या घरात. सहा वर्षांचं. मुलगी. माझी पोटची पोर आहे म्हणे.

अल्बममध्ये आहे ती. माझ्या कडेवर. नाक अजिंक्यचं आहे. मी खूप रडले, पण कुणासाठी ते आतून काही येईना. नाव वाचलं की परकं वाटतं. तरी ताट वाढणार. आठवो न आठवो, रोज वाढणार. ती कुणीही असो, लहान आहे, तिला भूक लागत असेल. ऐकतेस का गं? जिथे असशील तिथे ऐक. भांड्यांचा आवाज झाला की ये. मला दिसलं नाही तरी ये, जेव

१३ मे

अजिंक्यची रजा मंजूर झाली! सांगलीला जायचं, महिनाभर. आवराआवर केली. फ्रिज रिकामा करून पुसला, त्याच्यावर कसलातरी कागद होता तो काढून टाकला. वाणसामान बेबीताईंना दिलं. घरात आता मुंग्यांनासुद्धा काही ठेवलं नाही.

कित्येक दिवसांनी बरं वाटतंय.

१५ मे

कुलूप लावलं. जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय, ई-रिक्षा यायचीय. गॅस बंद, नळ बंद, खिडक्यांना आतून कड्या. बेबीताईंना म्हटलं की वर लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, बिनघोर जा, वर कोण राहून राहिलं आता, रिकामंच तर आहे.

कुठलंतरी पोर कधीचं रडतंय. ‘आई, आई’ करतंय. दारावर थापा मारल्यासारखंही. अजिंक्य म्हणतो शेजारचं असेल. पण या गल्लीत सगळी पोरं मम्मी म्हणतात. आई म्हणणारं पोर कुणाच्या घरी

रिक्षा आली. अजिंक्य हाका मारतोय, गाडी चुकेल म्हणतोय. एकदा कुलूप उघडून बघते. एकच मिनिट. आधी ही बॅग तेवढी